मदत वेगळी, भरपाई वेगळी

पऱ्हाटी कमरेला लागली आणि पावसानं दोन दिवस उघाड दिली, की आपल्या बाळापूर तालुक्यात सकाळपासून फवारणीच्या पंपांचा आवाज सुरू होतो. पारसकडे जा नाही तर वाडेगावकडे, चित्र तेच. एकाच्या पाठीवर पंप, आणि धुऱ्यावर एखादी बाई ड्रमात औषध कालवत उभी. हे दिवस आले की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. कुणाच्या घरचा माणूस फवारा मारताना पडलेला असतो, कुणाचा हात जिनिंगमध्ये गेलेला असतो. बाई सांगते, "मालक घरी येऊन गेला, दवाखान्याचे पैसे देल्ले, वरून दहा हजार देल्ले. मानूस चांगला हाय. आता अजून काय मागाव त्याले?"

मालक चांगला असेल, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत, आणि त्या मिसळल्या की नुकसान बाईचं होतं. घरी येऊन दिले ती मदत. ती द्यायची की नाही हे देणाऱ्याच्या मनावर. कामावर इजा झाली, आजार जडला किंवा जीव गेला, तर कायद्यानं जी रक्कम द्यावीच लागते ती नुकसानभरपाई. तिचा आकडा कुणाच्या मनावर नसतो, तो हिशेबानं निघतो. आजच्या बोलण्यात तो हिशेब आणि तो मिळवण्याची वाट, एवढंच सांगायचं आहे.

२०१७ चा पावसाळा आपल्या भागातलं कुणी विसरलेलं नसेल. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जीव गेले. आपल्या अकोला जिल्ह्यातही बाधित माणसं होती. सरकारनं अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या हाताखाली विशेष चौकशी पथक नेमलं, नागपूर खंडपीठात जनहित याचिका चालली, आणि अकोल्यासह पाच जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली. मृतांच्या वारसांना सरकारनं २ लाख रुपये जाहीर केले. ते मिळाले हे बरंच झालं. पण बहुतेक घरांत असा समज झाला, की हीच भरपाई, आता विषय संपला. त्यात जे दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं गेले होते, त्यांच्या घरच्यांचा कायद्यातला हक्क त्या २ लाखांनी संपत नव्हता. तो वेगळा होता, आणि बऱ्याच मोठ्या रकमेचा होता.

किती मोठ्या, ते पाहू. समजा चाळीस वर्षांचा माणूस आहे आणि रोजी ३०० रुपये. फवारणीची मजुरी पुष्कळदा पंपामागे ठरते, तेव्हा दिवसाला सरासरी किती पडली ते काढायचं. रोजंदारीच्या माणसाचा महिन्याचा पगार काढताना कायदा रोजच्या सरासरीला तीसनं गुणतो. म्हणजे ९,००० रुपये महिना. माणूस गेला असेल तर त्याचे निम्मे धरायचे, ४,५००. त्याला वयाच्या आकड्यानं गुणायचं. हा आकडा कायद्यातच छापलेला आहे. चाळीस वर्षांसाठी तो १८४.१७ आहे, तिशीतल्या माणसासाठी जास्त, साठीतल्यासाठी कमी, कारण तरुण माणसाची कमाईची वर्षं जास्त बुडतात. ४,५०० गुणिले १८४.१७ म्हणजे ८ लाख २८ हजार ७६५ रुपये. हिशेब काही निघाला तरी मृत्यूसाठी १ लाख २० हजारांच्या खाली रक्कम येत नाही. पगार मोठा असला तर मात्र २०२० पासून हिशेबात महिन्याचे जास्तीत जास्त १५,००० धरत आले आहेत.

आता मालकाचे दहा हजार आणि हे सव्वाआठ लाख शेजारी शेजारी ठेवून पाहा.

हा कायदा नवा नाही. तो १९२३ चा, इंग्रजांच्या काळातला, १ जुलै १९२४ पासून लागू झालेला. आधी त्याच्या इंग्रजी नावात कामकरी 'पुरुष' असा शब्द होता. २०१० च्या जानेवारीपासून तो काढून बाई-पुरुष दोघांना लागू होईल असा शब्द घातला. भरपाई बायांना आधीही मिळत होती, पण नाव बदलायला ८६ वर्षं लागली, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला गेला. ढाचा तोच राहिला. दाव्याचा निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला जुन्या कायद्यात आयुक्त म्हणत, संहितेत सक्षम प्राधिकारी म्हणतात. आम्ही सोयीसाठी आयुक्तच म्हणतो.

या कायद्याचा कणा असा, की मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, एवढं दाखवायचं. "तिचंच लक्ष नव्हतं" हे मालकाचं उत्तर चालत नाही. दारू पिऊन काम करताना इजा झाली, किंवा सुरक्षेसाठी दिलेली वस्तू मुद्दाम काढून टाकली, तर मालकाला बचाव आहे. पण मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर तोही बचाव उरत नाही. फवारणीबद्दल नेहमी ऐकू येतं, "हातमोजे, मास्क घातला नव्हता ना!" तर पहिलं विचारायचं, दिला होता का?

आता दवाखान्याकडे येऊ, कारण निम्मे दावे तिथंच बुडतात. फवारणी करून आलेल्या माणसाला घाम फुटतो, तोंडातून लाळ येते, उलट्या होतात, डोळ्यांपुढं धूसर होतं, बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक होतात. घरचे घाबरून त्याला दवाखान्यात नेतात. डॉक्टर विचारतात, काय झालं? सोबतचा माणूस म्हणतो, "औषध गेलं पोटात." आपल्या वऱ्हाडात या वाक्याचा अर्थ काय घेतला जातो, ते तुम्हाला सांगायला नको. केसपेपरवर लिहिलं जातं, विष प्राशन. पुढं पोलिसांच्या कागदात तेच उतरतं, आणि कामावर झालेली विषबाधा कागदावर आत्महत्येचा प्रयत्न होऊन बसते. मग वर्षभरानं वकील कितीही भांडला तरी पहिला कागद आडवा येतो.

म्हणून सोबत जाणाऱ्यानं पहिलं वाक्य पूर्ण सांगायचं. "अमक्याच्या वावरात मजुरीनं फवारणी करत होता, सकाळी आठपासून, या औषधाची, तेव्हा त्रास सुरू झाला." आणि ते तसंच लिहून घ्या असं म्हणायचं. डॉक्टर घाईत असतात, रागावतीलही, तरी म्हणायचं. विषबाधेची नोंद दवाखाना पोलिसांकडे कळवतो. त्याला भ्यायचं कारण नाही, तो कागद आपल्याच कामाचा आहे. पोलीस जबाब घ्यायला आले की तिथंही हेच वाक्य.

औषधाची बाटली किंवा डबा सोबत न्यायचा. त्यावर रंगीत चौकोन असतो: लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. डॉक्टरला उपचारासाठी बाटलीवरचं नाव लागतं, आणि दाव्यालाही लागतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही सेंद्रिय फॉस्फरस गटातली विषं. या गटाची विषबाधा कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत पहिल्याच भागात आहे. पहिल्या भागातल्या आजाराला अमुक इतके महिने काम केलेलं असावं अशी अट नाही. एका दिवसाच्या फवारणीत झाला तरी तो कामाचाच आजार. या विषाचा परिणाम रक्तातल्या कोलिनेस्टरेजच्या तपासणीत दिसतो. ती करा, असं डॉक्टरांना सांगायला लाजू नका. दुसऱ्या गटाचं औषध असेल तर आजाराच्या यादीऐवजी अपघात म्हणून दावा करता येतो.

डबा घरी आणला तर लेकरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, हे वेगळं सांगायला नको. दाव्यासाठी मोबाइलवर काढलेला चारी बाजूंचा फोटो पुष्कळ उपयोगी पडतो.

आता पुढचा प्रश्न. एका दिवसासाठी लावलेला मजूर कायद्यात बसतो का? बसतो. पूर्वी मालकाच्या धंद्याबाहेरच्या किरकोळ, नैमित्तिक कामाला लावलेला माणूस वगळलेला होता. २००० साली दुरुस्ती होऊन ती अट गेली. ज्या कामांना हा कायदा लागू आहे त्यांची यादी आहे, आणि शेतीत कीटकनाशकाची फवारणी व धुरळणी करणं हे त्या यादीत सरळ शब्दांत लिहिलेलं आहे. यंत्रानं कापणी-मळणी आहे, ट्रॅक्टरचं काम आहे. मळणीयंत्रात साडीचा पदर किंवा वेणी अडकून होणारे अपघात यातच येतात.

बायांबद्दल एक गोष्ट खास सांगायची. पंप पुरुषाच्या पाठीवर असतो म्हणून फवारणी पुरुषाची, असं सगळे धरतात. पाणी कोण आणतं? औषध कोण कालवतं? न पातळ केलेलं, अस्सल औषध तर तिच्याच हातावर सांडतं. संध्याकाळी ते कपडेही तीच धुते. मजुरीनं गेलेल्या बाईला त्रास झाला तर "पाणी आणायला गेली होती" एवढंच लिहून देऊ नका. "फवारणीच्या कामाला मजुरीनं होती, औषध कालवत होती" असं लिहा. खरं तेच लिहायचं, पण पूर्ण लिहायचं.

आणि स्वतःच्या वावरात फवारणी करणारा शेतकरी? तो कुणाचा मजूर नाही, त्यामुळे हा कायदा त्याला लागत नाही. त्याच्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा त्यात धरलेली आहे. मृत्यू झाला तर २ लाख, दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तरी २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख. सातबारा ज्याच्या नावावर त्याच्याशिवाय घरातलं आणखी एक माणूस यात येतं. आई, वडील, नवरा, बायको, मुलगा किंवा अविवाहित मुलगी. वय १० ते ७५. म्हणजे सातबारावर नाव नसलेल्या बायकोचाही अपघात चालतो, हे पुष्कळ घरांत ठाऊकच नसतं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, आणि मुदत ३० दिवसांची. दिवस-तेरवी होईपर्यंत त्यातले पंधरा गेलेले असतात. घरातलं दुसरं कुणी किंवा बचत गटातली एखादी ताई कागद गोळा करायला लागली तरच ते वेळेत होतं.

फवारणीनंतर वेचणी, वेचणीनंतर जिनिंग. आपल्याकडे कापूस आहे तोवर जिनिंगमध्ये बाया आहेत, आणि तिथं बोटं जातात. यासाठी कायद्यात टक्क्यांची यादी आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, दोन बोटं २०, तीन बोटं ३०, चारही बोटं ५०, पूर्ण हात ६०. वाचायला वाईट वाटतं, माणसाचं शरीर असं तोललेलं. पण हिशेब असाच होतो. पस्तीस वर्षांची ताई, महिन्याला ९,०००. कायमच्या अपंगत्वासाठी पगाराच्या ६० टक्के धरतात, ५,४००. पस्तिशीचा आकडा १९७.०६. गुणाकार १० लाख ६४ हजार १२४. अंगठ्याचे ३० टक्के म्हणजे ३ लाख १९ हजार २३७ रुपये. बोट शाबूत राहिलं पण दोन-तीन महिने कामाला जाता आलं नाही, तर त्या काळात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा, म्हणजे या ताईला २,२५० रुपये. आणि इजेवर झालेला औषधोपचाराचा खरा खर्च मालकानं वेगळा द्यायचा असतो. दवाखान्याचं बिल भरलं म्हणजे भरपाई दिली, असं नाही. ती पावती स्वतःकडे ठेवा.

टक्क्यांची यादी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयानं एका सुताराच्या खटल्यात निकाल दिला. सिनेमागृहात काम करताना तो वरून पडला आणि डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं, एकच हात गेला, टक्क्यांप्रमाणे द्या. न्यायालय म्हणालं, एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाई शंभर टक्के बुडाली. जिच्या आयुष्यभराची कमाई दोन्ही हातांनी बोंडं वेचण्याची आहे, तिच्या वकिलानं हा निकाल पुढं ठेवायला हवा. जिनिंगच्या धुळीनं छाती भरण्याचा आजारही यादीत आहे, कापसाच्या धुळीचा असं नाव घेऊन लिहिलेला. तो सिद्ध करायला मात्र बरीच वर्षं काम केल्याचा पुरावा लागतो, आणि जिनिंगमध्ये हजेरीच्या वहीत बायांची नावं नीट नसतात. गटाच्या वहीत कुठल्या हंगामात कोण कुठं होती हे लिहून ठेवलंत तर पुढं कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

कामाच्या वाटेवर अपघात झाला तर? ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात हळदीच्या कामाला निघालेल्या बायांचा ट्रॅक्टर विहिरीत पडला आणि सात जणी गेल्या. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? एका मालवाहू रिक्षात पंधरा बाया, महामार्गावरून. वाटेवरचा अपघात कामाचा धरायचा की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद होता. धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याचं प्रकरण यात मोलाचं ठरलं. २००३ च्या एप्रिलमध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवर जाताना, कारखाना पाच किलोमीटरवर असताना त्याचा अपघाती मृत्यू झाला. मागं बायको, चार मुलं आणि आई. आयुक्तांनी ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, कारण अपघात कारखान्यात झालेला नाही. घरचे सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २९ जुलै २०२५ ला निकाल त्यांच्या बाजूनं लागला: वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल, तर घरून कामावर जाताना-येताना झालेला अपघातही कामाचाच. नव्या संहितेत हे आता स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या घराला बावीस वर्षं लागली. पुढच्या घरांना तेवढी लागू नयेत.

गाडीचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडेही दावा करता येतो. दोन्हीकडून घेता येत नाही, एक निवडावा लागतो. कुठं जास्त मिळेल ते वकिलाला विचारून ठरवा.

आता जरा अवघड भागाकडे. फवारणीला लावणारा मालक पुष्कळदा तीन एकरवाला, कर्ज काढून पेरलेला, आपल्याच आळीतला असतो. सोसायटीचं देणं त्याच्याही डोक्यावर असतं. त्याच्यावर आठ लाखांचा दावा करायचा म्हणजे गावात काय होतं, हे आम्हाला कळतं. कायदा मालक लहान की मोठा हे पाहत नाही, आणि रक्कम थकली तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. हे ऐकून कुणीही बाई दहादा विचार करील. आम्हाला वाटतं, यावर खरा उपाय अपघाताआधीचा आहे. सर्वसाधारण विमा कंपन्या मजुरांच्या नुकसानभरपाईचा विमा देतात, तो मालकानं काढायचा असतो. ट्रॅक्टरच्या विम्यात कामावरच्या माणसासाठी जादा हप्ता भरलेला आहे का, हे पाहता येतं. आपल्या गटातल्या किती तरी बाया दुसऱ्याकडे मजूरही आहेत आणि स्वतःच्या वावरात मजूर लावणाऱ्याही आहेत. फवारणीच्या हंगामाआधी गावातल्या चार-दहा शेतकऱ्यांनी मिळून चौकशी केली तर हप्त्याचा बोजा कळेल. विमा असला की दावा शेजाऱ्यावर करावा लागला तरी पैसे विमा कंपनी देते, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर एकमेकींचं तोंड पाहता येतं.

आपसात मिटवायचं ठरलंच, तरी एक गोष्ट ध्यानात असू द्या. मृत्यूची भरपाई, आणि बाईला मिळायची एकरकमी भरपाई, मालकानं हातात देऊन चालत नाही. ती आयुक्तांकडे जमा करावी लागते आणि तिथून मिळते. हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. हे कलम कुणी विचारानं लिहिलेलं आहे. रक्कम सासऱ्याच्या किंवा दिराच्या हातात पडून बाईपर्यंत न पोचणं ही काही आजची गोष्ट नाही. विधवा, अज्ञान मुलं, अविवाहित मुलगी, विधवा आई या सगळ्या वाटेकरी आहेत, आणि कुणाला किती हे आयुक्त ठरवतात, भाऊबंद नाही. त्याचप्रमाणे "मला सगळं मिळालं, माझी काही तक्रार नाही" असा कागद लिहून घेऊन हक्क संपवता येत नाही. हक्क सोडून देणारा करार कायद्यानं रद्दच असतो. तरीही असा कागद पुढं आला तर सही किंवा अंगठा करू नका, कारण तो खोडून काढण्यात वर्ष जातं.

ठेकेदाराच्या हाताखाली काम असेल, पारसच्या वीज केंद्रात असो की रस्त्याच्या कामावर, तर ज्याच्या धंद्याचं ते काम आहे त्या मुख्य मालकाकडेही भरपाई मागता येते. ठेकेदार गाव सोडून गेला म्हणून दावा बुडत नाही. पगारातून ईएसआय कापत असतील तर भरपाई ईएसआयकडून मिळते, मालकाकडून नाही. बांधकामावरच्या बायांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवलेलं असेल, तर कामावर मृत्यू झाल्यास वारसांना मंडळाकडून ५ लाख मिळतात. नोंदणीला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो.

शेवटी दाव्याची वाट. अपघात झाला की मालकाला लवकरात लवकर लेखी कळवायचं: नाव, तारीख, जागा, काय काम चालू होतं, काय झालं. साध्या कागदावर चालतं. एक प्रत आपल्याजवळ, दुसरी स्पीड पोस्टानं, आणि पोस्टाची पावती जपून. मालकानं महिन्याभरात रक्कम भरली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, आणि कारण पटण्यासारखं नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो. सुताराच्या त्या खटल्यातच न्यायालयानं सांगितलं होतं, की मालकाची देणेदारी निकालाच्या दिवसापासून नाही, अपघाताच्या दिवसापासून सुरू होते. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करायचा. उशिराचं सबळ कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात, पण त्या भरवशावर राहू नका.

दावा कुठं दाखल करायचा, कोणते कागद जोडायचे, हे अकोल्याला सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारता येतं. वकिलाच्या फीची काळजी असेल तर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा आहे. त्यात बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे विचारलं जात नाही. उत्पन्नाचा दाखला आणा असं कुणी म्हटलं तर ही गोष्ट सांगा. बाळापूरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, किंवा अकोल्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. घरून विचारायचं असेल तर १५१०० या क्रमांकावर फोन लावा. जाताना केसपेपर, बाटलीचा फोटो, मालकाला पाठवलेल्या पत्राची प्रत आणि सोबत काम करणाऱ्या दोन बायांची नावं घेऊन जा. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल आणि पोलिसांचा पंचनामा यांच्या प्रती पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन मागायच्या.